रानडुकरांसाठी हलकी रायफल घ्यायची म्हणता? लिंबागणेशच्या शिवारातून समजून घ्या वजन, कायदा आणि धोका

दसरा-दिवाळी झाली की बीड तालुक्यातल्या लिंबागणेश परिसरातली बरीच घरं अर्धी रिकामी होतात. कर्ती माणसं ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि रानात उभी असलेली ज्वारी, हरभरा, तूर. राखणही मग त्यांच्याच गळ्यात पडते. डबडी वाजवून झाली, बुजगावणं उभं करून झालं, फटाके फोडून झाले. तरी पहाटे जाऊन बघावं तर रानडुकरांच्या कळपानं अर्धा गुंठा आडवा केलेला असतो.

अशा वेळी मोबाइलवर एखादा व्हिडिओ समोर येतो. बर्फाळ डोंगर, पाठीवर सॅक आणि हातात काळी, सडपातळ रायफल. वजन म्हणे अडीच किलो. निशाणा चारशे मीटरवरचा. मग साहजिकच प्रश्न पडतो : आपल्याला अशी एखादी हलकी रायफल घेता येईल का? कोणती घ्यावी? डुकराला कोणती लागते?

प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तराला तीन बाजू आहेत. पहिली बंदुकीच्या वजनाची, दुसरी शस्त्र कायद्याची आणि तिसरी वन्यजीव कायद्याची. तिन्ही एकत्र समजून घेतल्या नाहीत तर पैसे जातील, परवाना जाईल आणि वेळप्रसंगी माणूसही जाईल.

थोडक्यात सांगायचं तर

- हलकी रायफल डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्यासाठी बनते. बांधावर बसून राखण करणाऱ्यासाठी नाही.
- पीक संरक्षणासाठी आपला कायदा रायफल सुचवत नाही. तो ठासणीची बंदूक किंवा गुळगुळीत नळीची बंदूक सुचवतो.
- बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी वनविभागाची वेगळी लेखी परवानगी लागते.
- नुकसानभरपाईचा अर्ज वेळेत केला तर बंदुकीशिवायही काही हाती लागतं.

आता सविस्तर.

‘हलकी रायफल’ ही भानगड आली कुठून?

अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात किंवा न्यूझीलंडच्या आल्प्समध्ये शिकारीला ठरावीक हंगाम असतो. सरकार परवाने देतं आणि शिकारी गाडीरस्ता संपतो तिथून पुढे दोन-दोन, चार-चार दिवस पायी जातात. तंबू, पाणी, शिधा सगळं पाठीवर. शिकार मिळाली तर तिचं मांसही पाठीवरूनच खाली आणायचं. अशा चालीत हातातली प्रत्येक शंभर ग्रॅमची वस्तू संध्याकाळपर्यंत किलोची वाटू लागते. म्हणून तिकडे हलक्या रायफलींचा स्वतंत्र बाजार तयार झाला.

साधी शिकारी रायफल दुर्बीण धरून चार किलोच्या आसपास जाते. हलकी म्हणवणारी रायफल दुर्बिणीशिवाय तीन किलोच्या आत असते. फिनलंडच्या ‘टिक्का’ कंपनीचं ‘टी३एक्स लाइट’ हे मॉडेल २.९ किलोच्या आसपास भरतं. अमेरिकेतल्या काही ‘माउंटन’ रायफली तर सव्वादोन किलोपर्यंत खाली येतात.

वजन घटवतात ते असं :

- लाकडी दस्त्याऐवजी कार्बन फायबरचा किंवा पोकळ प्लास्टिकचा दस्ता.
- नळी बारीक आणि आखूड. महागड्या रायफलीत पातळ पोलादी नळीवर कार्बन फायबरचं वेष्टन.
- काडतूस बसतं तो मधला भाग पोलादाऐवजी टायटॅनियमचा.
- दुर्बीण लहान, पट्टा पातळ.

ऐकायला सगळं छान वाटतं. पण यात फुकट काहीच मिळत नाही.

वजन घटलं की धक्का वाढतो : साधं गणित

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला संवेगाचा नियम घोकला होता. तो इथे जसाच्या तसा लागू होतो. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते आणि दोघांचा संवेग सारखाच असतो.

समजा, गोळीचं वजन १० ग्रॅम आहे आणि ती सेकंदाला ८०० मीटर वेगानं सुटते. शिकारी रायफलीसाठी हे आकडे अगदी सर्वसाधारण आहेत. दारूच्या वायूचा जोर हिशेबात धरला नाही तरी :

- ४ किलोची रायफल सेकंदाला २ मीटर वेगानं मागे येते. खांद्यावर येणारी ऊर्जा ८ ज्यूल.
- अडीच किलोची रायफल सेकंदाला ३.२ मीटर वेगानं मागे येते. खांद्यावर येणारी ऊर्जा १२.८ ज्यूल.

म्हणजे वजन दीड किलोनं कमी केलं आणि धक्का ६० टक्क्यांनी वाढला. धक्का जास्त असला की माणूस नकळत आधीच डोळे मिटतो, चाप ओढताना खांदा आवळतो आणि गोळी भलतीकडे जाते. जाणकार शिकारीही हलकी रायफल हातात आली की आधी कमी धक्क्याचं काडतूस निवडतात. ‘६.५ क्रीडमोर’ हे २००७ मध्ये बाजारात आलेलं काडतूस लोकप्रिय होण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

दुसरी अडचण स्थिरतेची. जड नळी हातात शांत राहते. हलकी नळी श्वासाबरोबर, नाडीच्या ठोक्याबरोबर हलते. धावून आलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात तर ती जास्तच नाचते. तिसरी अडचण उष्णतेची. बारीक नळी तीन-चार गोळ्यांत तापते आणि नेम सरकू लागतो. डोंगरातल्या शिकाऱ्याला दिवसातून एकच गोळी झाडायची असते, त्याला हे चालून जातं.

थोडक्यात, चालणं जास्त आणि गोळ्या कमी असतील तिथे हलकी रायफल. आपल्याकडे राखणीत उलटं असतं. माणूस एका जागी बसलेला असतो, हातातली बंदूक मांडीवर नाहीतर मचाणावर टेकवलेली असते. तिथे एक किलो वाचवून फायदा काहीच नाही. तोटा मात्र पूर्ण आहे.

आपल्याकडची सगळ्यात प्रसिद्ध हलकी रायफल

भारतात हलकी रायफल हातात घेऊन डोंगर तुडवणारा माणूस म्हटलं की एकच नाव आठवतं, जिम कॉर्बेट. १९०७ मध्ये कुमाऊंमधल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल त्याला ‘रिग्बी’ कंपनीची पॉइंट टू सेव्हन फाइव्ह रायफल भेट मिळाली. त्या काळातल्या जाडजूड दुनळी रायफलींच्या मानानं ती हलकी आणि कमी धक्क्याची होती. चढ-उताराच्या वाटांवर तो तीच जवळ बाळगायचा.

पण यातली दुसरी बाजू विसरू नये. कॉर्बेटकडे मोठ्या जनावरासाठी जास्त ताकदीची दुनळी रायफलही होती. शिवाय तो नेम धरायचा तो अनेक दिवस जनावराचा माग काढून, अगदी जवळून आणि खात्री पटल्यावर. हलकी रायफल त्याला फळली ती त्याच्या पायांमुळे आणि संयमामुळे. अंधारात खसखस ऐकून चाप ओढणाऱ्याला कुठलीच रायफल फळत नाही.

गोळी पुढे जाऊन थांबते कुठे?

लिंबागणेश बालाघाटाच्या पठारावर आहे. मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना दिसतं तसं हे मोकळं, उघडं रान आहे. मध्ये मध्ये शेतातल्या वस्त्या, गोठे, विहिरीवरची मोटर सुरू करायला रात्री निघालेली माणसं. रात्रपाळीची वीज असली की शिवारात माणूस हमखास असतो.

आता वरच्या उदाहरणातली गोळी घ्या. १० ग्रॅम, सेकंदाला ८०० मीटर. तिची ऊर्जा ३,२०० ज्यूल होते. ती डुकराला लागली तर बऱ्याचदा आरपार जाते आणि नेम चुकला तर पुढे जातच राहते. अगदी छोट्या पॉइंट टू टू रायफलीची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत धोकादायक असते. शिकारी रायफलीची गोळी नळी वर उचललेली असेल तर तीन-चार किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. एवढ्या टापूत आपल्याकडे एखादं गाव आणि चार वस्त्या सहज येतात.

डोंगरातल्या शिकाऱ्याच्या समोर, जनावराच्या मागे, बहुतेक वेळा डोंगराची भिंत असते. गोळी मातीत घुसते. आपल्या पठारावर जनावराच्या मागे असतो तो फक्त अंधार.

ही भीती कागदावरची नाही. जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेती परिसरातल्या जंगलात रानडुकरांच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांच्या टोळीतल्या एकानं डुक्कर समजून आपल्याच माणसावर गोळी झाडली. माणूस गेला. भीतीनं बाकीच्यांनी प्रकार लपवला आणि काही दिवसांनी पोलिसांनी तो उघडकीला आणला. एका रात्रीत एक घर उघडं पडलं आणि बाकीची पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर आली.

भारतात मिळतं काय?

व्हिडिओत दिसणारी परदेशी रायफल सामान्य माणसाला आयात करता येत नाही. ती सवलत मुख्यतः नामांकित नेमबाज खेळाडूंपुरती आहे. म्हणून दुकानात परवान्यावर जे दिसतं ते साधारण असं :

पॉइंट थ्री वन फाइव्ह रायफल. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं नाव या रायफलीशी जोडलेलं आहे. वजन साडेतीन किलोच्या आसपास, एकेक गोळी हातानं बोल्ट ओढून भरायची. हा आकडा आला कुठून? एक इंचाचा ०.३१५ भाग म्हणजे ८ मिलिमीटर, हा नळीचा व्यास. इंग्रजांना भीती होती की लष्कराची थ्री नॉट थ्री काडतुसं चोरीला जाऊन बंडखोरांच्या बंदुकीत जातील. म्हणून सामान्यांच्या रायफलींना लष्करापेक्षा वेगळं काडतूस ठेवलं. इंग्रज गेले, पण लष्करी मापाच्या रायफली नागरिकांना न देण्याची पद्धत आजही कायम आहे.

बारा बोर. ही गुळगुळीत नळीची बंदूक. बारा हा आकडा मिलिमीटरही नाही आणि इंचही नाही. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक गोळा जेवढा जाड, तेवढी ही नळी, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. यातून बहुधा छरे सुटतात. त्यांचा उपयोग चाळीसेक मीटरपर्यंत आणि जोर काही शे मीटरमध्ये संपतो. रायफलीच्या मानानं लांबच्या वस्तीला धोका कमी, पण शून्य नाही. एकाच गोळ्याचं काडतूस वापरलं तर तो बराच लांब जातो. बारा बोरची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत.

ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू आणि छरे ठासून भरायचे. एक बार काढला की पुन्हा भरायला वेळ लागतो. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग-रत्नागिरीत, शेती संरक्षण परवान्यावर ही बंदूक घरोघरी दिसते. माकडं, डुकरं हाकलायला तिचा आवाजच बहुतेक वेळा पुरेसा असतो.

छऱ्याची हवेची बंदूक. ०.१७७ इंच नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. म्हणून ऑनलाइन तिच्या जाहिराती खूप येतात. पण रायफलीच्या गोळीची ऊर्जा ३,२०० ज्यूल आणि हिची २०. म्हणजे १६० पट फरक. रानडुकराला यानं फक्त जखम होते आणि जखमी डुक्कर माणसावर उलटतं. शिवाय परवाना नको म्हणजे जनावरावर झाडायची मुभा आहे, असंही नाही. एअरगननं मारलं तरी कायद्यानं ती शिकारच.

शस्त्र कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं तिथे म्हटलं आहे. ठासणीची बंदूक पुरणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान २० इंच नळीच्या दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. रायफल या यादीत नाही. रायफल मागायची तर वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं आणि ते पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची.

कायदा करणाऱ्यांनी हे उगाच लिहिलेलं नाही. शेतात बंदूक लागतेच, तर कमी पल्ल्याची द्या, असा त्यातला विचार आहे. आपण वर पल्ल्याचं जे गणित पाहिलं, तेच कलमात उतरलं आहे.

प्रक्रियेतले महत्त्वाचे मुद्दे :

- ग्रामीण भागात परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. पोलिसांचा अहवाल मागवला जातो.
- वय किमान २१ हवं.
- २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.
- २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. परवान्याची मुदत पाच वर्षं झाली.
- विनापरवाना बंदूक सापडली तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद. गावठी कट्ट्यालाही हेच लागू.
- लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात आणला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

बीड जिल्ह्यात यात आणखी एक गोष्ट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि जिल्ह्यातल्या बंदुकांचा विषय राज्यभर गाजला. त्यानंतर शस्त्र परवान्यांची फेरतपासणी झाली, कित्येक परवाने रद्द झाले. कमरेला पिस्तूल लावून फोटो टाकणाऱ्यांमुळे खरोखर पीक राखणाऱ्याकडेही आता संशयानं पाहिलं जातं. म्हणून अर्ज करायचाच असेल तर सातबारा, पीक पाहणी, वनविभागाचे नुकसानीचे पंचनामे असा कागद भक्कम हवा. नुसतं ‘डुकरांचा त्रास आहे’ एवढ्यानं भागणार नाही.

अभयारण्य जवळ आहे, हेही तपासा

लिंबागणेशहून पाटोद्याच्या दिशेनं निघालं की पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मोरांसाठी राखलेलं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूकधारकाला वनविभागाकडे नोंद करावी लागते. या पट्ट्यात नवीन परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. आपलं गाव, आपली वस्ती या १० किलोमीटरमध्ये येते का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. अर्ज इथेच अडकू शकतो.

बंदूक मिळाली. आता डुक्कर मारता येईल?

नाही. बहुतेकांची चूक नेमकी इथे होते.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ९ नं शिकारीवर बंदी घातली. भारतात शिकारीचा हंगामच नाही. शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. फास लावणं, आमिष ठेवणं, हाकारा घालणं आणि या सगळ्याचा प्रयत्न करणं, हेही शिकारीतच मोडतं.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, कायद्याच्या अनुसूची बदलल्या. रानडुक्कर आणि नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत आहेत. काळवीट, चिंकारा, मोर आणि बिबट्या पहिल्या. शिक्षा अशी :

- दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार : तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.
- पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार : किमान तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड.

अंधारात डुक्कर समजून काळविटावर बार गेला तर काय होईल, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

मग शेतकऱ्याला वाट आहे की नाही? आहे. कलम ११ नुसार दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आणि कारण नोंदवून परवानगी देऊ शकतो. या मालमत्तेत शेतातली उभी पिकंही येतात, हे कायद्यातच लिहिलं आहे. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा. परवानगीत जागा, मुदत आणि अटी असतात. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. त्याचं मटण वाटून घेतलं की परवानगी असूनही गुन्हा होतो.

जिवावर बेतलं आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मारलं गेलं, तर तो गुन्हा धरला जात नाही. पण बेकायदा शिकारीला गेलेल्या माणसाला ही सूट मिळत नाही.

आष्टीचा बिबट्या आठवतो?

नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यात आष्टी तालुक्यात बिबट्यानं काही दिवसांत तीन माणसं मारली. नंतर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातही बळी गेले. लोक हाती लागेल ते घेऊन रानात उतरायला तयार होते. पण बिबट्या पहिल्या अनुसूचीतला. वनविभागानं आधी पिंजरे लावले, बेशुद्ध करण्याचे प्रयत्न केले आणि मग वरिष्ठ पातळीवरून ठार करण्याचा लेखी आदेश निघाला. १८ डिसेंबर २०२० ला करमाळा तालुक्यात धवलसिंह मोहिते-पाटील यांनी त्या आदेशानुसार बिबट्याला गोळी घातली.

एवढं संकट असतानाही आधी आदेश आणि मग गोळी, हा क्रम मोडला नाही. डुकराच्या बाबतीतही क्रम तोच आहे.

काही राज्यांनी हा मार्ग सोपा केला आहे. केंद्रानं २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, तर उत्तराखंडमध्ये रानडुक्कर ठरावीक भाग आणि मुदतीपुरते उपद्रवी जाहीर केले होते. केरळनं २०२२ मध्ये रानडुकरांना गोळी घालण्याच्या आदेशाचा अधिकार ग्रामपंचायतीच्या प्रमुखांना दिला. तरीही तिथे गोळी झाडायची ती परवानाधारक नेमबाजानंच. ‘ज्याचं शेत त्याची बंदूक’ असा नियम कुठेच नाही.

मग या हंगामात करायचं काय?

१. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. पायाचे ठसे, उकरलेली जमीन, आडवं पीक, सगळं टिपा.

२. वनविभागाकडे अर्ज द्या. लवकरात लवकर, तीन दिवसांच्या आत. सोबत सातबारा, आधार, बँक पासबुक. पंचनामा मागा आणि अर्जाची पोच घ्या. रानडुक्कर, हरणं, नीलगाय यांनी केलेल्या पीक नुकसानीला राज्य सरकारची भरपाई आहे. रक्कम नेहमीच पुरेशी नसते, हे खरं. पण हेच पंचनामे पुढे परवानगीच्या आणि परवान्याच्या अर्जाला पुरावा म्हणून लागतात.

३. पीक विम्याकडे लक्ष ठेवा. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान खरीप २०२६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत आणण्याची घोषणा केंद्रीय कृषी मंत्रालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. त्यात ७२ तासांच्या आत विमा ॲपवर फोटोसह कळवण्याची अट आहे. कोणते प्राणी आणि कोणते भाग, हे राज्यानं जाहीर करायचं आहे. विमा भरताना हे विचारून घ्या.

४. झटका मशीन, पण खरं. सौर कुंपणातून क्षणभराचा झटका येतो आणि जनावर माघारी फिरतं. थेट लाइटच्या तारेवर आकडा टाकून सोडलेला करंट मात्र जीव घेतो. त्यात डुक्कर मरण्याआधी पाणी धरायला निघालेला शेजारी किंवा आपलंच पोरगं सापडतं आणि गुन्हा सदोष मनुष्यवधाचा होतो. सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत अनुदानाची सोय आहे. आपलं गाव त्या यादीत बसतं का, हे वनविभागात विचारा.

५. एकट्यानं नाही, गावानं अर्ज करा. एका शेतातून हाकललेला कळप शेजारच्या शेतात जातो. दहा शेतकऱ्यांचा एकत्र अर्ज, सोबत ग्रामसभेचा ठराव आणि पंचनाम्यांची चळत असेल तर अधिकाऱ्यालाही लेखी कारण नोंदवणं सोपं जातं.

आणि तरीही बंदूक घ्यायचीच असेल तर?

घ्या, पण व्हिडिओ बघून नको. परवाना पीक संरक्षणाचा मागा. बंदूक गुळगुळीत नळीची मागा. वजनाची चिंता सोडा, उलट थोडी जड असेल तर हातात शांत राहील. घरात कोण वापरणार ते आधी ठरवा. घरातली कर्ती माणसं सहा महिने ऊसतोडीला असतील तर ती बंदूक मागे कुणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न दुकानात जाण्याआधी घरात सुटला पाहिजे. परवाना ज्याच्या नावावर, जबाबदारीही त्याचीच. परवानाधारक साखर कारखान्याच्या फडात आणि बंदूक घरी पोराच्या हातात, असं चित्र दिसलं तर पहिला गुन्हा परवानाधारकावर दाखल होतो.

रॉकी पर्वतातला शिकारी अडीच किलोची रायफल घेतो कारण त्याला ती दहा-पंधरा किलोमीटर वाहून न्यायची असते. लिंबागणेशच्या शिवारात रात्री राखणीला बसलेल्या सत्तरीच्या माणसाला बंदूक फार तर घरापासून बांधापर्यंत न्यायची आहे. त्याला चार चांगले पंचनामे, एक चालू झटका मशीन आणि शेजारच्या शेतातल्या माणसाचा मोबाइल नंबर एवढं मिळालं, तर पहाटे घरी परतताना त्याच्या हातात बॅटरी आणि काठी असली तरी पुरेल.